हरितलवकातली जुळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडची, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव भागातली मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात. एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा निकाल लागतो, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला सायन्स घेतलं जातं, आणि एका सुट्टीत सगळं जीवशास्त्र इंग्रजी होऊन जातं. मार्चपर्यंत 'प्रकाशसंश्लेषण' घडाघडा समजावणारी पोरगी जूनमध्ये मागच्या बाकावर गप्प बसते. तिला विषय येत असतो, फक्त शब्द अनोळखी झालेले असतात. हे पान तिच्यासाठी आहे. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या मुलांनी आणि त्यांच्या शेतकरी आईवडिलांनी मला वर्षानुवर्षं विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. धडा सगळ्यांना पाठ असतो, पण त्यातलं एक कोडं बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, म्हणून बहुतेक उत्तरं त्याच कोड्याकडे येतात.

हरितलवकात 'जुळणी' कसली असते?

पान हिरवं दिसतं ते पेशींतल्या हरितलवकांमुळे. प्रत्येक हरितलवकात चपट्या पिशव्यांच्या चळती असतात. त्यांना थायलाकॉइड म्हणतात. या पिशव्यांच्या पडद्यात चार मोठी यंत्रं बसवलेली असतात. प्रकाशप्रणाली-२ पाण्याचा रेणू फोडून इलेक्ट्रॉन काढते, साइटोक्रोम बी६एफ ते पुढे नेतं, प्रकाशप्रणाली-१ त्यांना उन्हाचा दुसरा धक्का देते आणि एटीपी सिंथेज या सगळ्यातून पेशीला खर्चायला ऊर्जा बनवून देतं. पाचवं यंत्र, रुबिस्को, पडद्याबाहेरच्या द्रवात असतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतं.

यातलं एकही यंत्र अखंड तयार होत नाही. प्रकाशप्रणाली-२ मध्ये वीसहून जास्त प्रथिनं असतात, शिवाय हरितद्रव्य, लोह, मँगनीज. ती ठरलेल्या क्रमानं आणि ठरलेल्या प्रमाणात एकमेकांत बसली तरच यंत्र चालतं. या बसवण्यालाच जुळणी म्हणायचं.

मग त्यात कोडं काय आहे? सुटे भाग बनवायचे आणि जोडायचे.

कोडं हे की भाग दोन वेगळ्या ठिकाणच्या जनुकांवरून बनतात. हरितलवकात एकूण सुमारे तीन हजार प्रकारची प्रथिनं असतात. त्यातली जेमतेम ऐंशी हरितलवकाच्या स्वतःच्या जनुकांवरून तयार होतात. उरलेली सगळी पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून, हरितलवकाच्या बाहेर बनतात आणि आत आणली जातात. वर सांगितलेल्या पाचही यंत्रांत दोन्हीकडचे भाग मिसळलेले आहेत. एटीपी सिंथेजच्या नऊ प्रकारच्या भागांपैकी सहा आतले, तीन बाहेरचे.

शिवाय हिशेब सरळ नाही. एका पेशीत केंद्रक एकच, तर हरितलवकं अनेक, आणि प्रत्येक हरितलवकात त्याच्या जनुकसंचाच्या कितीतरी प्रती. म्हणजे एका बाजूला एखाद्या जनुकाच्या दोन-चार प्रती आणि दुसऱ्या बाजूला हजारो. तरीही रुबिस्कोचे मोठे आणि छोटे भाग एकास एक या प्रमाणात जुळतात. हे कसं साधतं, हाच खरा प्रश्न.

सगळी जनुकं एकाच ठिकाणी का नाहीत?

परसातली गुलबक्षी आठवा. काही झुडपांवर एक फांदी पूर्ण हिरवी, एक पांढरट आणि एक चट्ट्यापट्ट्यांची असते. जर्मनीत कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्ये याच गुलबक्षीचे संकर करून पाहिले. पराग कुठल्याही फांदीवरचा घ्या, रोपाचा रंग बी ज्या फांदीवर धरलं तिच्यावरूनच ठरला. हिरव्या फांदीचं हिरवं, पांढऱ्या फांदीचं पांढरं, आणि पांढरं रोप थोडे दिवस जगून मेलं. वडिलांकडून काहीच आलं नाही. हिरवेपणाचा काही भाग केंद्रकाबाहेर, आईकडून येणाऱ्या हरितलवकात असतो, याचा हा सुरुवातीचा धडधडीत पुरावा होता.

हरितलवक मुळात परकं आहे. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीनं एका निळ्या-हिरव्या जिवाणूला पोटात घेतलं आणि पचवलं नाही. तो आतच राहिला, वाढला, विभागत गेला. पिढ्यांमागून पिढ्या त्याची बहुतेक जनुकं केंद्रकात गेली. थोडी मागे राहिली, त्यात या यंत्रांच्या गाभ्याची बरीच आहेत.

निपाणीच्या मुलांना मी इथे मुद्दाम थांबवते. तंबाखू म्हटलं की त्यांना विडीचे कारखाने आणि घरच्यांकडून ऐकलेलं १९८१ चं शेतकरी आंदोलन आठवतं. पण याच झाडानं हा विषय उलगडला. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सॅम वाइल्डमन यांच्या गटानं तंबाखूच्या वेगवेगळ्या जातींचे संकर केले आणि १९७२ मध्ये दाखवलं की रुबिस्कोचा मोठा भाग फक्त आईकडून येतो, तर छोटा भाग आईवडील दोघांकडून. म्हणजे एकाच यंत्राचे दोन भाग दोन वेगळ्या जनुकसंचांतले. पुढे १९८६ मध्ये जपानमधल्या नागोया विद्यापीठात मासाहिरो सुगिउरा यांच्या गटानं तंबाखूच्या हरितलवकाचा सगळा जनुकसंच वाचला. सुमारे १ लाख ५६ हजार अक्षरांचा. हा संपूर्ण वाचला गेलेल्या पहिल्या दोन हरितलवकांपैकी एक.

बाहेर बनलेलं प्रथिन नेमकं हरितलवकातच कसं पोचतं?

त्याच्या टोकाला एक जास्तीचा तुकडा असतो, पार्सलवरच्या पत्त्यासारखा. हरितलवकाच्या दोन्ही पडद्यांतली दारं तो पत्ता ओळखतात, प्रथिन उलगडून आत ओढतात, आणि आत गेल्यावर पत्त्याचा तुकडा कापून टाकला जातो.

एखादा भाग जास्त झाला तर?

या पानावरचा मला सगळ्यात प्रिय प्रश्न. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वडील कामाला असलेल्या एका मुलानं तो विचारला होता. तो म्हणाला, "बाई, एका शॉपमधून बॉडी येते, दुसरीकडून कव्हर. कव्हरं साठली की बाबा फोन करून थांबवतात. पेशीत फोन कोण करतं?"

पेशीत दोन पद्धती चालतात. पहिली साधी: बनवायचं आणि जोडीदार मिळाला नाही तर मोडायचं. रुबिस्कोचा छोटा भाग आत आला आणि मोठा भाग शिल्लक नसेल, तर हरितलवकातली प्रथिनं कापणारी विकरं काही मिनिटांत त्याचे तुकडे करतात. त्यातली अमिनो आम्लं पुन्हा वापरली जातात.

दुसरी पद्धत जास्त बारकाईची आहे. ती क्लॅमिडोमोनस नावाच्या एकपेशीय हिरव्या शैवालात उलगडली. पॅरिसमध्ये फ्रान्सिस-आंद्रे वोलमान, इव्ह शोके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात साइटोक्रोम बी६एफ हे यंत्र तपासलं. त्यातला 'साइटोक्रोम एफ' हा भाग हरितलवकातच बनतो. जोडीदार भाग नसलेल्या शैवालात त्यांनी पाहिलं, तर साइटोक्रोम एफ नुसता मोडला जात नव्हता, त्याचं बनणंच नेहमीच्या दहाव्या हिश्शावर आलं होतं. ज्याला जोडीदार नाही, तो आपलंच उत्पादन थांबवत होता.

कसं? साइटोक्रोम एफच्या शेवटाला एक छोटी शेपूट आहे. यंत्रात बसल्यावर ती जोडीदारांच्या आड झाकली जाते. एकटा असला की उघडी राहते. एमसीए१ नावाचं एक प्रथिन केंद्रकाकडून येतं आणि साइटोक्रोम एफचा संदेश, म्हणजे आरएनए, सांभाळून ठेवतं. उघड्या शेपटीशी गाठ पडली की हे एमसीए१ नष्ट होतं. सांभाळणारा गेला की संदेश टिकत नाही, आणि नवा साइटोक्रोम एफ बनायचा थांबतो. जोडीदार आले, शेपट्या झाकल्या गेल्या, की एमसीए१ पुन्हा साठतं आणि काम सुरू होतं. संशोधकांनी ही शेपूटच कापून पाहिली. तेव्हा जोडीदार असोत नसोत, उत्पादन नेहमीपेक्षाही वाढलं.

मी त्या मुलाला एवढंच सांगितलं की पेशीत साठलेलं कव्हर स्वतःच फोन करतं. तास संपल्यावर तो फळ्यासमोर उभा राहून शेपटीचं चित्र वहीत काढत होता.

बाकीच्या यंत्रांतही असंच होतं का?

क्लॅमिडोमोनसमध्ये हो, आणि तिथे साखळी असते. प्रकाशप्रणाली-२ मध्ये आधी डी२ नावाचा भाग लागतो. तो नसेल तर डी१ बनत नाही, आणि डी१ नसेल तर सीपी४७ बनत नाही. प्रकाशप्रणाली-१ मध्येही अशीच ओळ आहे. क्रम चुकू नये म्हणून आधीचा भाग आल्याशिवाय पुढच्याचं कामच हाती घेतलं जात नाही.

हे शैवालातच का शोधलं? आणि शैवालाचं खरं, पण झाडाचं काय?

प्रकाशसंश्लेषण बिघडलेलं झाड उपाशी मरतं, मग तपासायचं कोणाला? क्लॅमिडोमोनसला खाऱ्या-आंबट ॲसिटेटचं द्रावण दिलं की ते उन्हाशिवाय, अगदी अंधारातही जगतं. त्यामुळे यंत्र मोडलेली पेशीही जिवंत ठेवून पाहता येते. शिवाय त्यात एकच मोठं, वाटीसारखं हरितलवक असतं. प्रयोगशाळांत वाढवलेलं हे शैवाल १९४५ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका बटाट्याच्या शेतातून आलं. आपल्याकडे पावसाळी बटाट्याच्या सऱ्यांत पाणी साचलं की कडेला हिरवट थर धरतो. त्यातही हिरव्या शैवालांच्या अनेक जाती सापडतात.

झाडात पुरावा पुन्हा तंबाखूनंच दिला. अमेरिकेत डेव्हिड स्टर्न यांच्या प्रयोगशाळेनं २००७ मध्ये दाखवलं की तंबाखूत रुबिस्कोचा छोटा भाग कमी केला, तर जोडीदार न मिळालेला मोठा भाग स्वतःचं बनणं कमी करतो. तत्त्व तेच. पण शैवालातली प्रत्येक साखळी झाडात जशीच्या तशी असते असं समजू नका. झाडात मोडून टाकण्याच्या पद्धतीवर बराच भार असतो.

भाग नुसते जवळ आले की आपोआप बसतात?

नाही, आणि इथे आपल्या भाषेत एक नेमका शब्द आधीच आहे. नवी नवरी सासरी जाताना तिच्यासोबत पाठराखीण जाते. नवरी रुळेपर्यंत चार दिवस राहते आणि परत येते. त्या घरात कायमची राहत नाही. जुळणीत मदत करणारी प्रथिनं असंच वागतात. शास्त्रज्ञांनी त्यांना दिलेल्या इंग्रजी नावाचा अर्थही हाच. मी वर्गात सरळ 'पाठराखीण प्रथिनं' म्हणते.

रुबिस्कोला पाठराखिणी बऱ्याच लागतात. आठ मोठे आणि आठ छोटे, असे सोळा भाग. नवा मोठा भाग एकटा सोडला तर गोळा होऊन वाया जातो. म्हणून तो आधी एका पिंपासारख्या प्रथिनाच्या पोकळीत बंद होऊन घडी घेतो. या पिंपाचा माग १९८० मध्ये इंग्लंडमध्ये जॉन एलिस यांना लागला. नंतर रॅफ१, रॅफ२, आरबीसीएक्स आणि बीएसडी२ अशा पाठराखिणी भागांच्या जोड्या लावतात, आठांचा गट धरून ठेवतात, आणि छोटे भाग येऊन बसले की बाजूला होतात. शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं झाडाचा रुबिस्को जिवाणूत बनवायचा प्रयत्न केला, जमेना. २०१७ मध्ये म्यूनिकजवळ मनजित हायर-हार्टल यांच्या गटानं झाडाच्या या सगळ्या पाठराखिणी एकत्र जिवाणूत घातल्या आणि तेव्हा कुठे तो बनला. मला यात फार समाधान वाटतं. यंत्राचा आराखडा हातात होता, उणीव होती ती मदतीला येऊन निघून जाणाऱ्यांची.

"बाई, घटातलं धान पिवळंच का येतंय? शेतात तर हिरवं असतंय."

दरवर्षी दसऱ्यानंतर हा प्रश्न ठरलेला. पत्रावळीवर काळी माती, त्यात गहू-ज्वारी, मध्ये घट. नऊ दिवसांत देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कोंब वितभर होतात, पिवळेधमक. दसऱ्याला आपण तेच टोपीत खोवतो.

फुलं येणाऱ्या झाडांत हरितद्रव्य बनवायची शेवटची महत्त्वाची पायरी उजेडाशिवाय होत नाही. तिथलं विकर प्रकाश पडल्यावरच काम करतं. मग कोंब अंधारात नुसता वाट पाहतो का? नाही, तो अर्धी तयारी करून ठेवतो. त्याच्या पेशींत हरितलवकाचं अर्धवट रूप असतं, जाळीदार गाठीसारखं. साइटोक्रोम बी६एफ आणि एटीपी सिंथेज आधीच बसवलेले असतात, कारण त्यांना हरितद्रव्याचा साठा लागत नाही. दोन्ही प्रकाशप्रणालींची गाभ्यातली प्रथिनं मात्र हरितद्रव्य मिळेपर्यंत टिकत नाहीत, मोडली जातात.

आणि उलटही धोका असतो. हरितद्रव्य बनलं आणि त्याला धरणारं प्रथिन नसेल, तर ते उन्हात ऑक्सिजनला असं चेतवतं की पेशी आतून जळते. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच चालीनं वाढाव्या लागतात. क्लॅमिडोमोनसला ही अडचण नाही, ते अंधारातही हिरवं राहतं.

भर दुपारच्या उन्हात ही यंत्रं टिकतात कशी?

सगळी टिकत नाहीत. प्रकाशप्रणाली-२ चा डी१ हा भाग उन्हानं सतत खराब होतो, कडक उन्हात तर अर्ध्या-पाऊण तासात निकामी होऊ शकतो. मग यंत्र अर्धवट उघडलं जातं, एफटीएसएच नावाचं विकर खराब डी१ कापून काढतं, नवा डी१ तिथेच बनता-बनता बसवला जातो, आणि बाकीचे भाग जुनेच वापरले जातात. एप्रिल-मेमध्ये अथणी-रायबागकडच्या उसात हे दिवसभर चाललेलं असतं. म्हणजे जुळणी फक्त कोवळ्या पानात एकदाच होते असं नाही. पान जगतं तोवर ती रोजची आहे.

"ॲट्राझिन मारलं तरी एखादं तण जळेना झालंय. औषध बनावट असणार?"

असूही शकतं, पण आणखी एक कारण ठाऊक असू द्या. ॲट्राझिन हे तणनाशक याच डी१ मधल्या एका खाचेत जाऊन बसतं आणि इलेक्ट्रॉनची वाट अडवतं. ऊस आणि मका ते विष मोडू शकतात म्हणून वाचतात. पण डी१ च्या साखळीत २६४ व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लायसीन आलं, तर औषध त्या खाचेत बसतच नाही. १९८३ मध्ये राजगिऱ्याच्या कुळातल्या एका तणात हा बदल नेमका सापडला.

आता गुलबक्षी आठवा. डी१ चं जनुक हरितलवकात आहे. म्हणून ही ताकद परागातून उडून शेजारच्या शेतात जात नाही, ती बियांतून पसरते. न जळालेलं झाड बी धरायच्या आत उपटून बांधाबाहेर टाकलं तर फरक पडतो. आणि दरवर्षी तेच एक औषध मारू नका.

उसाच्या खोडव्यात केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी पडतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात, शिरा हिरव्या राहतात. जुनी पानं हिरवीच असतात, कारण लोह जुन्या पानातून नव्यात सहज जात नाही. नत्र कमी असलं तर उलटं होतं, आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात. एवढा फरक पाहिला तरी युरियाचा एखादा नको तो डोस वाचतो.

लोह लागतं कुठे? एकट्या प्रकाशप्रणाली-१ मध्ये लोहाचे बारा अणू असतात. साइटोक्रोम बी६एफलाही ते लागतं, हरितद्रव्य बनवणाऱ्या एका विकरालाही. क्लॅमिडोमोनसमध्ये लोह कमी पडलं की पेशी पिवळी पडण्याआधीच प्रकाशप्रणाली-१ ला मिळणारा प्रकाश तोडायला लागते आणि मग ती यंत्रं मोडते.

भाजीवर स्ट्रेप्टोमायसिनचं औषध जास्त झालं की पानं पिवळी का पडायची?

कारण हरितलवक जिवाणूच्या वंशातलं आहे. त्याचे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, अजून जिवाणूसारखेच आहेत, आणि जे औषध जिवाणूचे रायबोसोम बिघडवतं ते त्याचेही बिघडवू शकतं. मग आतले भाग बनत नाहीत, बाहेरून आलेले भाग जोडीदाराविना मोडले जातात, आणि नवं पान फिकं निघतं. भारतात शेतीतलं हे औषध २०२४ पासून बंद आहे.

या माहितीतून उसाचं उत्पन्न वाढेल का?

उसात अजून शेतापर्यंत काही आलेलं नाही. पण त्याच्या चुलतभावात, मक्यात, २०१८ मध्ये स्टर्न यांच्या गटानं रुबिस्कोचे दोन्ही भाग आणि सोबत पाठराखीण रॅफ१ वाढवलं, तेव्हा पानातलं रुबिस्को तीस टक्क्यांहून जास्त वाढलं. रुबिस्को फार संथ आहे, सेकंदाला दोन-तीनच रेणू पकडतं, म्हणून ते वाढवण्यात अर्थ आहे. मात्र पानात यंत्र वाढणं आणि काट्यावर टन वाढणं यात पाणी, खत, ऊन असं बरंच काही असतं. असं बियाणं आलंय म्हणून कुणी विकायला आलं तर घेऊ नका.

यातलं घरी काय बघता येईल?

दोन वाट्यांत माती घेऊन गहू पेरा. एक वाटी खिडकीत ठेवा, दुसरी आठ दिवस कपाटात. मग कपाटातली वाटी सकाळी उजेडात आणा आणि दर दोन तासांनी कोंबांचा रंग वहीत लिहा. संध्याकाळपर्यंत हिरवी झाक दिसेल, दुसऱ्या दिवशी नीट हिरवं. कपाटातली वाटी उजेडात आणतानाच तिच्यातलं एक पान काळ्या कागदात अर्धं गुंडाळून ठेवा आणि दोन्ही अर्ध्यांची तुलना करा. वही मराठीत लिहिली तरी चालेल. पीयूसीच्या प्रॅक्टिकलला तीच नोंद इंग्रजीत कशी लिहायची ते मी वर्गात सांगते.